मामातला दुसरा ‘मा’

शंकेखोर : लग्नपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ वर कुलदेवतेचं नाव, वधूवरांची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता असा सगळा रीतसर मजकूर आणि खाली घरातल्या चिमुरड्यांच्या नावाने हे लाडिक आमंत्रण. हल्ली ही ओळ हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टमध्ये घालतात. लांबून गोड दिसते. पण पत्रिका जरा डोळ्यांजवळ नेऊन ‘मामाच्या’ हा शब्द बघा. पहिला ‘मा’ आणि दुसरा ‘मा’ तंतोतंत एक आहेत. गाठ तेवढीच, काना तेवढाच, शिरोरेघेचा कलही तेवढाच. सहा वर्षांच्या कुठल्याही मुलाने असे दोन ‘मा’ काढलेले नाहीत. त्याचा दुसरा ‘मा’ पहिल्यापेक्षा फुगतो तरी, नाहीतर ओळीखाली घसरतो तरी. मराठीत तर हे लपवायला जागाच नाही, कारण आपल्या जवळच्या माणसांना आपण एकच अक्षर दोनदा म्हणून हाका मारतो : काका, मामा, दादा, बाबा, नाना. या फॉन्टचं सगळं भांडवल म्हणजे ‘हे कुणीतरी बसून लिहिलंय’ हा आभास. तो दोन अक्षरांत संपतो. छापायचं तर सरळ छापा. लिहायचं तर पोराच्या हातात पेन द्या.

कैवारी : पोराच्या हातात पेन देणार असाल तर कागद मी आणून देते. पण पत्रिका घेणाऱ्या कुणाला खरंच असं वाटतं का, की ती ओळ त्या चिमुरड्याने लिहिली? ती त्याने रचलेलीसुद्धा नसते. मोठ्यांनी ती त्याच्या तोंडी घातलेली असते आणि घेणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं. वरचा मजकूर यजमान बोलतात, खालचा मूल बोलतं. दोन्ही एकाच ठशात बसवले, की मूलही यजमानांसारखं बोलायला लागतं. मला या फॉन्टचा उपयोग दिसतो तो तिथे. तो लिहिणाऱ्याची सही म्हणून येत नाही, बोलणाऱ्याचा आवाज म्हणून येतो.

हीच अडचण १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कॉनेअरपुढे आली होती. संगणकाला बिचकणाऱ्या माणसांसाठी ‘मायक्रोसॉफ्ट बॉब’ नावाचा प्रोग्राम तयार होत होता. त्यात रोव्हर नावाचा एक कुत्रा वापरणाऱ्याला सूचना द्यायचा. त्याच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यात अक्षरं होती टाइम्स न्यू रोमनची, म्हणजे लंडनच्या वर्तमानपत्रासाठी केलेली. कॉनेअरला ते खटकलं. त्याने हाताशी असलेली कॉमिक्स उघडली, ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि ‘वॉचमेन’. त्यांच्या फुग्यांतल्या हाती काढलेल्या अक्षरांचा बाज डोळ्यांपुढे ठेवून त्याने माउसने नवी अक्षरं काढली. तो कॉमिक सॅन्स. गंमत अशी, की ज्या कुत्र्यासाठी तो काढला त्याच्या फुग्यात तो बसलाच नाही. सगळी मापं टाइम्सवरून ठरून गेलेली आणि ही अक्षरं त्याहून मोठी. पण कॉनेअरने विचारलेला प्रश्न चोख होता : हे शब्द कोण बोलतंय, आणि त्याला हे अक्षर शोभतं का?

शंकेखोर : प्रश्न चोख होता, आणि त्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. बॉब चालला नाही. फॉन्ट मात्र विंडोज ९५च्या प्लस पॅकबरोबर बाहेर पडला आणि पुढे जवळजवळ प्रत्येक संगणकात जाऊन बसला. कुत्र्यासाठी काढलेलं अक्षर सूचनाफलकांवर आलं, दवाखान्याच्या पाट्यांवर आलं, हापिसाच्या परिपत्रकांत आलं. १९९९मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातल्या एका डिझायनर जोडप्याला मुलांच्या संग्रहालयाच्या कामात हाच फॉन्ट वापरण्याचा आग्रह झाला. त्यातून ‘कॉमिक सॅन्सवर बंदी घाला’ ही त्यांची मोहीम उभी राहिली आणि तिला जगभर पाठिंबा मिळाला. २०१०मध्ये लेब्रॉन जेम्स हा बास्केटबॉलपटू क्लीव्हलंडचा संघ सोडून गेला, तेव्हा संघाच्या मालकाने त्याच्यावर आगपाखड करणारं जाहीर पत्र काढलं, तेही कॉमिक सॅन्समध्ये. पत्रातला राग राहिला बाजूला, लोक अक्षरालाच हसले. तुमच्या भाषेत सांगायचं तर आवाज चुकला. असे फॉन्ट एकदा मोकळे सुटले, की आवाज कुणाचा आणि तोंड कुणाचं याचा ताळमेळ कोण ठेवणार?

कैवारी : ठेवणारा माणूस. आणि कधीकधी तो ताळमेळ आपण समजतो त्यापेक्षा सैल असतो. ४ जुलै २०१२ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली. अ‍ॅटलास प्रयोगाच्या वतीने फाबिओला जानोत्ती यांनी जे निष्कर्ष पडद्यावर मांडले, ते कॉमिक सॅन्समध्ये होते. त्याही दिवशी लोक हसले. पण कणाचं वस्तुमान त्या अक्षरामुळे तिळभर बदललं नाही, आणि चारच वर्षांत त्या बाई त्या संस्थेच्या महासंचालक झाल्या. दुसरं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. ब्रिटनमधली डिस्लेक्सियाग्रस्तांसाठी काम करणारी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था, वाचायला सोप्या अक्षरांची उदाहरणं देताना एरियलच्या जोडीला कॉमिक सॅन्सचं नाव घेते. अशा वाचकाला त्यातली अक्षरं कमी दाटीची वाटू शकतात, असं तिचं म्हणणं. त्यातला रोमन ‘ए’सुद्धा मुलं वहीत काढतात तसा साधा, एका पोटाचा आहे. डिझायनरांनी ज्याला नाकं मुरडली ते अक्षर वाचताना अडखळणाऱ्या मुलाला आपलं वाटलं, तर अभिरुचीच्या वादात त्या मुलाचंही मत मोजलं पाहिजे.

इथवर दोघंही एका गोष्टीवर नकळत एकत्र आलेले दिसतात. क्लीव्हलंडचं पत्र असो वा सर्नचा पडदा, ‘आम्हाला वाटलं हे हाताने लिहिलंय आणि आम्ही फसलो’ अशी तक्रार कुणीच केली नव्हती. हसू आलं ते सैल अक्षर गंभीर प्रसंगी दिसलं म्हणून. तेव्हा आभासाचा आक्षेप निदान या उदाहरणांत टिकत नाही, औचित्याचा टिकतो. शंकेखोराला हे जाणवलं असावं, कारण तो वाद रोमन लिपीतून उचलून देवनागरीत आणतो. आणि खरा पेच तिथेच आहे.

शंकेखोर : ठीक. आभासाचा आक्षेप मी मागे घेतो. पण तुमची उदाहरणं सगळी रोमन आहेत. तिथे अक्षरं सुटी सुटी असतात, आणि हाती लिहिल्यासारखी दाखवण्यात मोठी अडचण असते ती त्यांना जोडण्याची. फ्रान्समध्ये रॉजे एक्सकोफों याने १९५३मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ केला, तेव्हा शिशाचा प्रत्येक ठसा वेगळा असूनही कुठल्याही अक्षरापुढे कुठलंही अक्षर आलं तरी सांधा जुळेल असं त्याने साधलं. कौतुकाची गोष्ट आहे. आपल्याकडे प्रश्न उलटा. शिरोरेघ अक्षरांना आधीच जोडून देते. पण आपला हात ती रेघ कशी ओढतो ते आठवा. आपण शब्दातली अक्षरं आधी लिहितो आणि मग वरून एकच रेघ मारतो. ती रेघ अख्ख्या शब्दाची असते. घाईत ती शेवटच्या अक्षरापर्यंत पोचत नाही, कधी पुढे निसटते, कधी मारायचीच राहते. फॉन्टमध्ये ती प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तुकड्या-तुकड्याने चिकटवलेली असते. ते तुकडे आडवे ठेवले तर छापल्यासारखे दिसतात. तिरके ठेवले तर सांध्यांवर करवतीचे दाते उमटतात. शब्दावरून एका झटक्यात गेलेला हात त्या तुकड्यांत येणार कुठून? मोडीत तर लिहिणारा आधी पानभर रेघा आखून घ्यायचा आणि मग एकेका रेघेला अक्षरं टांगायचा. रेघ आधी की अक्षर आधी, यावर हाताची सगळी चाल ठरते. तुमचे फॉन्ट या चालीच्या खुणा उचलतात, चाल त्यांना उचलता येत नाही.

कैवारी : शिरोरेघेचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. देवनागरी हस्ताक्षराचा फॉन्ट करणाऱ्याची निम्मी झोप तीच रेघ उडवते. पण चालीच्या खुणा उचलणं हा कमीपणा मानला, तर सगळं मुद्रण त्यात सापडेल. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं ते हस्तलिखितासारखं दिसावं म्हणून. त्यासाठी त्याने जोडअक्षरं, संक्षेप आणि एकाच अक्षराची निरनिराळी रूपं धरून सुमारे २९० खिळे पाडले. लिहिणाऱ्याच्या हातून ‘ए’ दरवेळी सारखा येत नाही, हे तुमच्याआधी त्याला कळलं होतं. १५०१मध्ये व्हेनिसच्या आल्डुस मानुशियुसने इटालिक अक्षर वापरात आणलं, तेही त्या काळच्या सुशिक्षितांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१मध्ये पंचांग छापलं ते शिळाछापावर, म्हणजे कुणीतरी हाताने लिहिलेलंच अक्षर दगडावरून कागदावर आलं. पुढे खिळ्यांचे कारखाने निघाले, आणि त्या खिळ्यांत बोरूच्या तिरक्या टाकाची जाड-बारीक रेघ तशीच उतरली. आज वर्तमानपत्र उघडलं तरी ‘क’च्या पोटाला जी जाडी दिसते ती बोरूची आहे. तो बोरू हातात धरलेला माणूस आपल्या घरात कुणी पाहिलाय?

आता माझा मुद्दा बघा. निदान दोन पिढ्या मराठी माणूस बॉलपेनने लिहितो आहे. बॉलपेनची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. ती पुढे झुकते, गाठी अर्धवट सोडते, कान्याला शेपूट काढते. किराणा मालाची यादी, शाळेची वही, दाराला अडकवलेली चिठ्ठी, मनीऑर्डरच्या तळाशी लिहिलेल्या चार ओळी, हे सगळं त्या अक्षरात झालं. छापील मराठीने मात्र ते अक्षर कधी आपल्यात घेतलं नाही. म्हणून ‘कलम’सारखा फॉन्ट मला महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट २०१४मध्ये सगळ्यांना मोफत वापरायला खुला झाला. त्यातली देवनागरी अक्षरं लिपी रावल यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. बॉलपेनने किंवा स्केचपेनने लिहावीत तशी पुढे कललेली अक्षरं, बारीक-मध्यम-ठळक अशा तीन वजनांत, आणि देवनागरीची जोडाक्षरं धरून हजारावर आकृत्या. बोरूच्या अक्षराला छापायचा मान मिळाला. बॉलपेनच्या अक्षराला का मिळू नये?

शंकेखोर : मान मिळावा. पण कुणाच्या बॉलपेनला? वहीतलं अक्षर हजार हातांचं हजार तऱ्हेचं. फॉन्ट झाला की त्यातला एक हात उरतो. तोच पापडाच्या पाकिटावर, तोच मुलांच्या पुस्तकावर, तोच कॅफेच्या मेनूकार्डावर. छापील अक्षर सगळीकडे सारखं दिसलं तर मला चालतं, त्याने माझ्या शेजाऱ्याचा हात असल्याचं सोंग घेतलेलं नसतं. शिवाय यातले काही फॉन्ट अखिल भारतीय बाजारासाठी केलेले असतात. त्यांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण आतल्या कप्प्यात दडवलेलं असलं तरी मजकुराची भाषा मराठी असल्याचं संगणकाला कुणी सांगितलं नाही तर ते बाहेर येत नाही. ‘चऱ्हाट’, ‘दुसऱ्या’ असे शब्द टाइप केले की काही ठिकाणी रफार डोक्यावर चढून बसतो. मामाच्या लग्नाला बोलावणारं मराठी मूल हिंदी वळणाचा ‘ल’ काढील का?

आणि पेंटरचं काय? मराठी अक्षराची किमया आम्ही कमल शेडग्यांकडून शिकलो. नाटकांच्या जाहिराती, चित्रपटांची नावं, मासिकांची शीर्षकं यांची अक्षरं त्यांनी एकेक करून हाताने काढली. ते २०२०मध्ये गेले. त्यांच्या हातून एका नाटकाचा ‘र’ दुसऱ्या नाटकाच्या ‘र’सारखा का येत नव्हता? नाटक वेगळं होतं म्हणून. त्या फरकाला कारण होतं. गावोगावच्या पेंटरांचंही, त्यांच्या परीने, तेच. आधी फ्लेक्सने त्यांचं काम काढून घेतलं, आता हस्ताक्षराचे फॉन्ट त्यांच्या हाताची लकबही फुकटात वाटतात.

कैवारी : ‘ल’, ‘श’ आणि ‘ऱ्य’ची तक्रार मला सरळ मान्य आहे. ती फॉन्ट करणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या पदरात घालावी, आणि मराठी मजकुराला मराठी वळण मिळेपर्यंत ते काम परत पाठवावं. पेंटरचं दुःखही खोटं नाही. पण त्याचं काम गेलं ते फ्लेक्समुळे, आणि फ्लेक्सवरची अक्षरं बहुतेक ठोकळेबाज छापील फॉन्टमधली असतात. हाताची लकब जपायचा प्रयत्न उलट काही फॉन्टवाल्यांनीच केला. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमात रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरं काढून घेतली, ती त्या-त्या पेंटरच्या नावाने फॉन्ट म्हणून आणली आणि विक्रीतला वाटा पेंटरला देण्याची सोय ठेवली. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा’ हा मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून ‘जैनी’ केला. या माणसांनी भिंतीवरची आणि पोथीतली अक्षरं तासन् तास निरखली आहेत.

आणि शेडग्यांचं अक्षर परवडणारं कुणाला होतं? नाट्यसंस्थेला, प्रकाशकाला. तालुक्याच्या गावातल्या बचत गटाला पापडाच्या पाकिटावर चार शब्द आपलेपणाने लिहायचे असतील तर आजवर त्याच्यापुढे डीटीपीवाल्याकडचे पाच-सात ठसे होते, तेच बँकेच्या नोटिशीला आणि तेच दशक्रियेच्या पत्राला. त्या बायकांना मोफत आणि बऱ्यापैकी नीट केलेलं, बोलकं अक्षर मिळालं, तर मला त्यात कुणाचा तोटा दिसत नाही.

शंकेखोर : मग पापडाचं पाकीटच घेऊ. त्यावर मोठ्या, झुकत्या, हाती लिहिल्यासारख्या अक्षरात असतं ‘घरगुती चवीचे’. मागे निव्वळ वजन, घटक पदार्थ, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख. हा मागचा मजकूर कुणी हस्ताक्षराच्या फॉन्टमध्ये घालत नाही. तो सरळ, उभ्या, कोरड्या अक्षरात येतो, तारीख तर बऱ्याचदा यंत्राच्या टिंबांनी उमटवलेली. म्हणजे जिथे जबाबदारी घ्यायची तिथे छापील अक्षर, आणि जिथे नुसतं लाघव करायचं तिथे हाताचं. बचत गटाच्या पाकिटावर ते लाघव खरं असेल, मागे खरोखर लाटणारे हात आहेत. पण शेजारच्या फळीवर मोठ्या कारखान्याचं पाकीट असतं, त्यावरही तोच फॉन्ट आणि तेच दोन शब्द. मघाशी तुम्ही म्हणालात, की लग्नपत्रिकेची ओळ मुलाने लिहिलेली नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे गिऱ्हाइकाला काय ठाऊक असतं? ‘घरगुती’ या शब्दाला कारखान्याकडून पुरावा मागता येत नाही, आणि अक्षर पुराव्याचं काम परस्पर करून टाकतं.

कैवारी काही काळ या मुद्द्याला सरळ उत्तर देत नाही, आणि ते प्रामाणिक आहे. पाकिटाची दोन तोंडं हे या वादातलं सर्वांत पक्कं उदाहरण. एकच वस्तू दोन अक्षरांत बोलते आणि तिला पकडता येतं ते एकाच अक्षरावरून. हस्ताक्षराच्या फॉन्टला सरसकट खोटं म्हणणं चूक होतं. पण वाचकाला ज्यावर विसंबून पैसे मोजायचे आहेत, तो दावा बोलत्या अक्षरात घातला की वाचकाची सावधगिरी ढिली पडते, हे मात्र नाकारता येत नाही. असं असूनही तेच दोन शब्द ठोकळेबाज अक्षरात छापले तर कारखाना अधिक प्रामाणिक होईल का, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि कैवारी तिथून पुढे बोलते.

कैवारी : कारखान्याचा दावा कुठल्याही फॉन्टमध्ये दावाच आहे, आणि तो तपासायची व्यवस्था अक्षराबाहेर हवी. पण तुम्ही म्हणता ते मी असं नोंदवून घेते : जे वाक्य उद्या कुणाच्या अंगाशी येऊ शकतं, त्याला हे अक्षर देऊ नये. औषधाचा डोस, कर्जाचा हप्ता, परीक्षेची सूचना, श्रद्धांजली. यांत मी तुमच्या बाजूची. मात्र तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे मला परत जायचंय, त्या दुसऱ्या ‘मा’कडे. त्याला तंत्रज्ञानाकडे उत्तर आहे. ओपनटाइप फॉन्टमध्ये एकाच अक्षराची तीन-चार रूपं भरून ठेवता येतात, आणि आधी काय येऊन गेलं ते पाहून फॉन्ट पुढचं रूप निवडतो. तुम्ही ‘मामा’ टाइप करा, दुसरा ‘मा’ वेगळा येईल. गुटेनबर्गने खिळ्यांच्या पेटीत केलं तेच. मग तर तुमची तक्रार मिटली?

शंकेखोर : मिटायला हवी होती. पण तुम्ही हे सांगितलंत आणि मला कळलं, की मला नुसता फरक नको होता. मुलाचा दुसरा ‘मा’ वेगळा येतो कारण पहिला काढताना त्याची जागा संपली, किंवा पेन अडलं, किंवा मामाचं नाव लिहिताना त्याला घाई झाली. तुमच्या फॉन्टमधला दुसरा ‘मा’ वेगळा येतो कारण तो दुसरा आहे. शेडग्यांच्या दोन ‘र’मधला फरक नाटकाने घडवला होता. इथे फरक आहे, त्याच्यामागे काही घडलेलं नाही.

कैवारी : थांबा, देवनागरीत फरकाला कारण असतं, आणि फॉन्टला ते कळतं. ऱ्हस्व वेलांटी बघा. ‘कि’, ‘रि’, ‘णि’, ‘स्त्रि’ हे चार लिहा. आपला हात वेलांटीची कमान पुढच्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे लांबवतो : ‘रि’वर आखूड, ‘स्त्रि’वर ऐसपैस. जुन्या फॉन्टमध्ये एकच वेलांटी सगळ्यांना असायची, ती कुणाच्या डोक्यावरून पुढे जायची, कुणाच्या अर्ध्यावर थांबायची. नीट केलेल्या आजच्या फॉन्टमध्ये वेलांटीची अनेक रूपं असतात आणि पुढचं अक्षर किंवा जोडाक्षर पाहून नेमकी तेवढी कमान येते. तुम्ही मागता तसलाच हा सकारण फरक आहे. शेजारी कोण उभा आहे त्यावरून अक्षर आपली बैठक बदलतं.

शंकेखोर : ही वेलांटी मला पटली. पण शेजारच्या अक्षराची दखल घेणं वेगळं आणि पत्र ज्याला जायचं त्याची दखल घेणं वेगळं. मास्तरांना लिहिलेला अर्ज आणि मित्राला लिहिलेली चिठ्ठी, हात एकच, वळणं दोन. अर्जातली शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी, चिठ्ठीतली कधी नसलेलीच. फॉन्टला शेजारचं अक्षर दिसतं, वाचणारा दिसत नाही. आणि याची खरी किंमत कळते ती मोडीत. मोडी म्हणजे सबंध लिपीच लगबगीच्या हाताची. पेन कमीत कमी उचलायचं, व्यंजनाला स्वर लागला की आकारच पालटायचा, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. विल्यम केरीने १८१०मध्ये मराठी कोश मोडी खिळ्यांत छापून पाहिला, पण मोडी जगली ती दप्तरांत, हातांवर. चिटणिसी वळण निराळं, बिवलकरी निराळं. २०१४मध्ये युनिकोडने मोडीला जागा दिली आणि आता तिचे फॉन्ट आहेत. त्यांवर मोडी शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे पुण्याच्या पेशवे दप्तरातला एखादा कागद ठेवा. फॉन्टने त्याला प्रत्येक अक्षराचं एकेक ठाम रूप दिलंय, आणि कागदावर कारकुनाने दोन अक्षरं एकमेकांत मिसळून पुढच्या ओळीला हात घातलाय. तो अडखळतो. इथे फॉन्टने सोंग घेण्यापलीकडे नुकसान केलंय, त्याने विद्यार्थ्याचा डोळा घट्ट करून टाकला.

कैवारी : आणि फॉन्ट नसता तर तो विद्यार्थी मोडीकडे वळला असता का? त्या दप्तरांत कागद लाखोंनी आहेत, वाचणारे मोजके. मोडी टाइप करता आली, शोधता आली, धड्यात छापता आली, तरच शिकणारे वाढतील. तुमचा आक्षेप मी असा वळवून घेते : मोडीचा फॉन्ट एका वळणाचा नकोच. चिटणिसी आणि बिवलकरी दोन्ही वेगळे करा. प्रत्येक अक्षराची चार-पाच रूपं खऱ्या कागदांवरून उचला, ‘हे या सालच्या या कागदातलं’ अशा नोंदीसह. विद्यार्थी पहिल्या आठवड्यापासून एका ‘क’ची पाच तोंडं पाहत शिकेल.

शंकेखोर : ही पाच तोंडं मजकुरात कोणत्या क्रमाने येणार? पाळीपाळीने, की यंत्र ठरवील तशी?

कैवारी : शेजारच्या अक्षराप्रमाणे येतील, वेलांटीसारखी. कागदांत जे रूप ज्या अक्षरापुढे जास्त वेळा येतं, ते तिथे.

शंकेखोर : ते मोजायला आधी ते कागद वाचून झालेले हवेत. आणि कारकून दिवस मावळता मावळता, शेवटच्या ओळीत जसं लिहायचा, ते कुठल्या अक्षरापुढे मोजणार?

कैवारी : ओळ पानावर कितवी आहे तेही मोजता येईल. कागदाची छायाचित्रं आहेत, ओळी आहेत, कितवी ओळ हा आकडाही आहे. घाई कुठून सुरू होते ते त्यात दिसेल, निदान हजारभर कागदांवर तरी. चला, आधी एकाच कारकुनाचे शंभर कागद घेऊन बघू.

शंकेखोर : एकाच कारकुनाचे घ्या. पण ते शंभर कागद वाचायला माणूस लागेल, आणि तो फॉन्टवर शिकलेला नसावा.